अणू, रेणू आणि परमाणू

पुण्याच्या मराठी शाळेत शिकणाऱ्या मुलाला पदार्थाच्या रचनेचा पहिला पाठ मिळतो तो असा, की मूलद्रव्याचा सर्वांत लहान कण तो अणू आणि दोन किंवा अधिक अणू परस्परांशी बद्ध होऊन जो स्वतंत्र कण सिद्ध होतो तो रेणू. आणि हेच मूल पुढे वडिलांची बदली झाल्यामुळे भोपाळच्या किंवा लखनौच्या शाळेत दाखल झाले, तर तेथील पुस्तकात त्याला असे आढळते की आपण ज्याला अणू म्हणत होतो त्याला येथे परमाणु म्हणतात, आणि अणु हे नाव तर आपल्या रेणूला दिलेले आहे. हिंदीप्रमाणेच बंगाली, गुजराती आणि कन्नड या भाषांतही परमाणु आणि अणु अशीच जोडी रूढ आहे. शब्द एकाच संस्कृत भांडारातले, शास्त्रही एकच, आणि तरीही मराठीचा संकेत निराळा. हा भेद कशाचा, याचा तपशील पाहू लागले म्हणजे या लहानशा शब्दांच्या मागे तर्कशास्त्र, वजनमापे, रसायन आणि कोशरचना यांचा केवढा दीर्घ व्यवहार झालेला आहे हे ध्यानात येते. आणि त्या व्यवहारातील कित्येक महत्त्वाचे दाखले पुण्याच्या दफ्तरात नोंदलेले आहेत.

प्रथम अणु या शब्दाचे मूळ पाहू. वैदिक भाषेत अणु हे विशेषण आहे. त्याचा अर्थ बारीक, सूक्ष्म, तलम. नाम म्हणून तो शब्द येतो तो एका धान्यासाठी. यजुर्वेदात यजमान जी धान्ये मागतो त्यांत तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग यांच्याबरोबर अणूंचाही उल्लेख आहे, आणि ते धान्य म्हणजे वरीच्या जातीचे बारीक दाण्याचे तृणधान्य होय, असे कोशकार सांगतात. अमरकोशातही अणु हा शब्द दोन ठिकाणी येतो. एकदा धान्यविशेषाचे नाव म्हणून, आणि एकदा लव, लेश, कण या अल्पत्ववाचक शब्दांच्या पंक्तीत. ज्या मुनीच्या नावाशी भारतीय परमाणुवाद जोडलेला आहे त्या कणादाच्या नावातही दाण्याचाच अर्थ आहे. कापणी झालेल्या शेतात सांडलेले कण वेचून तो निर्वाह करी म्हणून त्याला कणाद म्हणत, अशी परंपरेची व्युत्पत्ती आहे. पुढे उपनिषदांनी आत्म्याचे वर्णन करताना अणूहूनही सूक्ष्म अशी भाषा योजली, आणि तीच तुकोबांच्या अभंगातून देहूपासून पंढरपूरपर्यंतच्या वारकऱ्यांच्या मुखी गेली. अणुमात्र शंका नाही, असे आपण सहज बोलतो तेव्हा तो शब्द शास्त्रातून आलेला नसून या जुन्या, व्यापक अर्थानेच आलेला असतो.

अणु आणि रेणु यांची पहिली काटेकोर गाठ पडते ती वजनांच्या कोष्टकात. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सोन्यारुप्याची मापे सांगताना आरंभ केला आहे तो त्रसरेणूपासून. आणि त्रसरेणू म्हणजे काय, तर जाळीतून आत आलेल्या सूर्यकिरणात जो सूक्ष्म धूलिकण दिसतो तो. कसबा पेठेतल्या किंवा शनिवारातल्या जुन्या वाड्याच्या माजघरात दुपारच्या वेळी कौलांच्या फटीतून जो कवडसा पडतो, त्यात हेलकावे घेणारे असंख्य कण ज्याने पाहिले आहेत त्याला या व्याख्येचा वेगळा खुलासा नको. रेणु म्हणजे धूळ, आणि त्रस म्हणजे हलणारे, चंचल. असे आठ त्रसरेणू म्हणजे एक लिक्षा, म्हणजे आपण जिला लीख म्हणतो ती. तीन लिक्षांची एक राजमोहरी, तीन राजमोहऱ्यांची एक पांढरी मोहरी, सहा पांढऱ्या मोहऱ्यांचा एक जव, आणि तीन जवांची एक कृष्णल, म्हणजे आपली गुंज. हिशेब केला तर एका गुंजेत १,२९६ त्रसरेणू भरतात. गुंजेचे वजन सुमारे १२० मिलिग्रॅम धरले, तर एका त्रसरेणूच्या वाट्याला मिलिग्रॅमच्या दहाव्या भागाहून थोडे कमी वजन येते. कवडशातील खरा कण याहून कितीतरी हलका असतो, आणि इतके बारीक वजन करणारा तराजू त्या काळी कोणत्याही सराफाच्या पेढीवर असणे संभवनीय नव्हते. तरीही दृश्य जगाचा जो शेवटचा पदार्थ डोळ्यांना दिसतो तेथपासून मोजणी सुरू करावी, हा विचार त्या कोष्टकात स्पष्ट आहे.

डोळ्यांची मर्यादा जेथे संपते तेथे वैशेषिकांनी, म्हणजे कणादाच्या अनुयायांनी, तर्काला पाचारण केले. त्यांचा युक्तिवाद असा: कवडशातील त्रसरेणू डोळ्यांना दिसतो, ज्या अर्थी तो दिसतो त्या अर्थी घटाप्रमाणे त्यालाही अवयव असले पाहिजेत, त्या अवयवांनाही पुन्हा अवयव असले पाहिजेत; परंतु ही विभागणी कोठेतरी थांबली पाहिजे, कारण ती अनंत मानली तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा या दोहोंचेही अवयव सारखेच अनंत ठरून त्यांच्या आकारात भेद उरणार नाही. जेथे विभागणी थांबते तो परमाणु: अवयवरहित, नित्य, इंद्रियांना अगोचर. दोन परमाणूंचे एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे एक त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजेच त्रसरेणू. अशा रीतीने कवडशातील एका कणात सहा परमाणू असतात असा त्या शास्त्राचा सिद्धांत झाला. परम हे उपपद अणूच्या आधी लागले ते याच गरजेतून, कारण द्व्यणुक हेही परिमाणाने अणूच होते, आणि त्याहूनही जे सूक्ष्म त्याला निराळे नाव देणे भाग होते.

हा केवळ शब्दांचा खेळ नव्हता, हे मडके भाजण्याच्या वादावरून दिसून येते. पुण्याच्या कुंभारवेशीजवळ पिढ्यान्‌पिढ्या आवे पेटत आले. कच्चे, काळसर मडके आव्यात जाते आणि तांबडे होऊन बाहेर येते, ही गोष्ट कोणाही माणसाने पाहिलेली. पण हा रंग बदलतो तो कशाचा? वैशेषिक म्हणत की उष्णतेच्या आघाताने मडके परमाणूंपर्यंत सुटे होते, एकेका परमाणूचा रंग पालटतो, आणि मग त्यांची पुन्हा जुळणी होऊन नवे मडके सिद्ध होते. परमाणूला त्यांनी पीलू असेही नाव दिले असल्यामुळे या मताला पीलुपाकवाद म्हणतात. नैयायिकांचे, म्हणजे न्यायदर्शनाच्या अनुयायांचे, म्हणणे असे की मडके न मोडता सबंधच भाजले जाते, कारण त्याला सूक्ष्म रंध्रे असून अग्नी त्यांतून आत शिरतो, हा पिठरपाकवाद. आज आपण जाणतो की मातीतील लोहाच्या संयुगांचा भट्टीत प्राणवायूशी संयोग होऊन तांबडा रंग येतो आणि मडक्याचा आकार मोडावा लागत नाही. परंतु पदार्थाच्या दृश्य गुणांतील बदलाचे कारण त्याच्या अदृश्य घटकांत शोधले पाहिजे, हा प्रश्न मात्र त्यांनी अचूक उभा केला होता, आणि रसायनशास्त्राचा मूळ प्रश्न तोच आहे.

ही न्यायवैशेषिकाची विद्या पुण्यात केवळ ग्रंथांतून नव्हे, तर पाठशाळेतून जिवंत राहिली. पेशवाईत श्रावणमासात विद्वानांना दक्षिणा वाटली जात असे. राज्य गेल्यावर त्या निधीचा काही भाग विद्यादानाकडे वळवून इंग्रज सरकारने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि तीत वेद, धर्मशास्त्र, ज्योतिष, वैद्यक यांच्याबरोबर न्यायाचेही अध्यापन मुक्रर झाले. हीच संस्था १८५१ मध्ये पूना कॉलेज झाली आणि १८६४ मध्ये डेक्कन कॉलेज या नावाने पुढे आली. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह, ज्यात परमाणूपासून त्रसरेणूपर्यंतची उपपत्ती थोडक्यात मांडली आहे, तो यशवंत वासुदेव आठल्ये आणि महादेव राजाराम बोडस यांच्या परिश्रमाने १८९७ साली मुंबई संस्कृत मालेत विवेचनासह छापला गेला. आणि भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश महामहोपाध्याय वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी संशोधून १९२८ साली पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेकडून पुन्हा प्रसिद्ध केला. अणु, द्व्यणुक, त्रसरेणू या शब्दांचा नेमका शास्त्रार्थ आज ज्याला पाहावयाचा असेल त्याला हे दोन ग्रंथ अव्वल दर्जाचे साधन आहेत.

आता पश्चिमेकडे वळू. ग्रीक तत्त्वज्ञ डेमोक्रिटस याने इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकात मूळ कणांना जे नाव दिले त्याचा अर्थ अच्छेद्य, ज्याचे तुकडे होत नाहीत असा. ॲटम हा शब्द त्यातूनच आला. रोमन कवी ल्युक्रेशियसनेही आपल्या काव्यात या मताचे विवरण करताना सूर्यकिरणातील धूलिकणांचाच आधार घेतला आहे. सतराव्या शतकात युरोपात परमाणुवाद पुन्हा उचल खाऊ लागला, तेव्हा ॲटम या शब्दाशी जडलेला निरीश्वरवादाचा संशय टाळण्यासाठी पुष्कळ विद्वानांनी कॉर्पसल हा शब्द पत्करला; लॅटिन भाषेत कॉर्पस म्हणजे देह, आणि कॉर्पसल म्हणजे लहानसा देह. मॉलिक्यूल हा शब्दही त्याच घडणीचा: मोलेस म्हणजे ढीग, राशी, आणि त्याचे लघुरूप म्हणजे लहानशी राशी. या तिन्ही शब्दांच्या अर्थांची बराच काळ सरमिसळ होत राहिली, आणि तिचे परिणाम गंभीर झाले.

१८०८ साली डाल्टनने आपला रासायनिक अणुसिद्धांत ग्रंथरूपाने मांडला तेव्हा मूलद्रव्याच्या कणाला त्याने ॲटम म्हटले, परंतु संयुगाच्या कणालाही तो संयुक्त ॲटमच म्हणे. आणि पाण्याच्या कणात हायड्रोजनचा एक व ऑक्सिजनचा एक ॲटम आहे असे त्याने धरले. १८११ मध्ये ॲव्होगाड्रोने दाखवून दिले की समान तापमानाला आणि समान दाबाला वायूंच्या समान आकारमानांत कणांची संख्या समान असते असे मानले, आणि हायड्रोजनचा व ऑक्सिजनचा मुक्त कण स्वतःच दोन घटकांचा असतो असे मानले, म्हणजे सर्व मापे जुळतात. पण मूलद्रव्याचा घटककण आणि मुक्तपणे वावरणारा कण यांना तो भिन्न विशेषणे लावून मॉलिक्यूल असेच म्हणत असल्यामुळे त्याचे म्हणणे जवळजवळ अर्धशतक बाजूला पडले. पाण्याचे सूत्र कोणी एका रीतीने लिही, कोणी दुसऱ्या. अखेरीस सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूए येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली, तीत ॲटम आणि मॉलिक्यूल यांचे भिन्नत्व चर्चेचा मुख्य विषय झाले, कानिझ्झारोने ॲव्होगाड्रोच्या तत्त्वाची बाजू समर्थपणे मांडली, आणि पुढील काही वर्षांत अणुभारांची एकच सुसंगत यादी तयार होऊ शकली. दोन वस्तूंना दोन निश्चित नावे नसणे ही केवळ भाषेची उणीव नसून ती शास्त्राची वाट अडवू शकते, याचा याहून ठळक दाखला मिळणे कठीण.

पुढची गोष्ट त्वरेने घडली. ज्या १८९७ साली तर्कसंग्रहाची ती आवृत्ती निघाली त्याच साली जे. जे. टॉमसनने ऋण किरणांतील कण अणूहून कितीतरी हलके आहेत असे सिद्ध केले, आणि त्यांना नाव दिले ते कॉर्पसल. इलेक्ट्रॉन हे नाव नंतर त्यांच्याशी कायमचे जडले. अच्छेद्य या नावाने मिरवणाऱ्या वस्तूचे असे तुकडे झाले, १९११ मध्ये रदरफोर्डने तिच्या आत केंद्रक दाखवले, आणि तरीही ॲटम हे नाव बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही; कारण तोपर्यंत त्या शब्दाचा अर्थ त्याच्या व्युत्पत्तीवर अवलंबून राहिलेला नव्हता, तो प्रयोगांनी ठरवून दिलेला होता. अणूंच्या अस्तित्वाचा निर्णायक पुरावा मिळाला तोही चंचल कणांकडूनच. १८२७ साली रॉबर्ट ब्राउनने परागकणांतील सूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते. १९०५ मध्ये आइन्स्टाइनने त्याची उपपत्ती पाण्याच्या रेणूंच्या धडकांवरून लावली, आणि पेरँने काटेकोर मापनांनी ती खरी ठरवून कणांची प्रत्यक्ष संख्या काढली. आज आपण सांगू शकतो की १८ ग्रॅम पाण्यात, म्हणजे मोठा चमचाभर पाण्यात, सहावर तेवीस शून्ये देऊन होणारी संख्या भरेल इतके रेणू असतात. हायड्रोजनचा अणू मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढा असतो. आणि मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या एका धूलिकणात सहा नव्हे, तर कित्येक लाख कोटी अणू असतात. कवडशातील कणांचे हेलकावे मात्र मुख्यतः हवेच्या झुळुकांचे असतात, रेणूंच्या धडकांचे नव्हेत, हेही येथे नमूद केले पाहिजे.

हे सर्व ज्ञान मराठीत आणावयाचे ठरले तेव्हा दोन निश्चित शब्द हवे होते, आणि मराठीने अणू व रेणू हे निवडले. या निवडीचे गुण विचारात घेण्यासारखे आहेत. परमाणु आणि अणु ही जोडी मोठ्यालहानाचा क्रम सांगते खरी, परंतु त्यांतील एक शब्द दुसऱ्याच्या पोटातच असल्यामुळे बोलताना व लिहिताना घोटाळ्याला जागा राहते. अणू आणि रेणू हे मात्र यमकाने जोडलेले असूनही आद्याक्षरापासून भिन्न आहेत. रेणु या शब्दाला न्यायशास्त्रातही आधार मिळतो, कारण त्रसरेणू हा एकटा कण नसून अवयवांनी बनलेला समुदाय आहे, आणि रेणूही तसाच समुदाय आहे. शिवाय अणू हा आटोपशीर शब्द समासात सुखाने बसतो: अणुअंक, अणुवस्तुमानांक, अणुभट्टी, अणुऊर्जा, आणि दुसऱ्या बाजूला रेणुसूत्र, रेणुवस्तुमान, महारेणू. पाषाणच्या माळावर ३ जानेवारी १९५० रोजी ज्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले, तेथील बहुवारिकांचे संशोधक ज्या प्रचंड कणांशी व्यवहार करतात त्यांना महारेणू म्हटले की हजारो अणूंच्या त्या साखळीची कल्पना मराठी वाचकाला तत्काळ येते.

शब्द सुचणे ही एक गोष्ट आणि तो घरोघर रुजणे ही दुसरी; या रुजवणीचे श्रेय कोशकारांना आणि शिक्षकांना दिले पाहिजे. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांनी पुण्यात बसून महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड पुरे केले, आणि तेवढ्यावर न थांबता १९४८ साली शास्त्रीय परिभाषा कोश सिद्ध केला. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य सुरू झाले, तेव्हा खंडांच्या आधी, १९७३ मध्ये, परिभाषासंग्रह प्रसिद्ध झाला; ज्याने न्यायशास्त्राची पदवी मिळवली होती अशा पंडिताच्या देखरेखीखाली आधुनिक विज्ञानाचे शब्द निश्चित व्हावेत, हा योग अत्यंत उचित होता. आणि १९६७ साली पुण्यात स्थापन झालेल्या पाठ्यपुस्तक मंडळाने, म्हणजे आपल्या बालभारतीने, हे शब्द गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंतच्या मुलांच्या दप्तरात पोहोचवले.

शास्त्रात अर्थ असा बांधला गेला, तरी लोकव्यवहारात अणू या शब्दाने आपली जुनी मोकळीक सोडलेली नाही. जीवाणू, विषाणू, बीजाणू या शब्दांतील अणू म्हणजे मूलद्रव्याचा घटक नव्हे, तर केवळ सूक्ष्म वस्तू, हे वाचकाने पक्के ध्यानात ठेवावे. व्हायरस या लॅटिन शब्दाचा अर्थ विष. १८९८ मध्ये बायेरिंकने तंबाखूच्या रोगाचे कारण जीवाणूंना अडवणाऱ्या गाळणीतूनही पार जाते असे पाहून त्याला ते नाव दिले, आणि मराठीने विष व अणू यांची सांगड घालून त्याला विषाणू म्हटले. रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने १९५२ साली पुण्यात स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र, जे आता राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था म्हणून ओळखले जाते, त्याच्या नावात हाच शब्द आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील रुग्णांच्या रक्तातून १९६५ मध्ये वेगळा केलेला विषाणू याच केंद्राने उजेडात आणला. जीवाणू साधारणपणे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा, करोनाचा विषाणू दहा हजाराव्या भागाएवढा. म्हणजे विषाणूदेखील हायड्रोजनच्या अणूच्या हजारपट रुंद असून त्यात कोट्यवधी अणू सामावलेले असतात.

या सर्व इतिहासाकडे पाहताना दोन प्रकारच्या उतावीळपणापासून वाचकाने दूर राहिले पाहिजे. कणादाने परमाणु हा शब्द योजला म्हणून डाल्टनचा सिद्धांत आपल्याकडे आधीच होता असे म्हणणे हे कणादावरही अन्याय करणारे आहे. त्याच्या परमाणूंचे प्रकार पृथ्वी, जल, तेज आणि वायू असे चार, त्यांची ओळख गंध, रस, रूप, स्पर्श या गुणांनी, आणि वजनाच्या प्रमाणांशी त्याला काही कर्तव्य नाही. उलट, प्रयोगशाळा नव्हती म्हणून ती सगळी विचारपरंपरा टाकाऊ समजणे हेही तितकेच अविचाराचे आहे. विभागणीला अंत असलाच पाहिजे, आणि दृश्य गुणांचे मूळ अदृश्य घटकांत आहे, हे प्रश्न धरून ठेवणारी ती परंपरा नसती तर नवे शास्त्र आले तेव्हा त्याला बसायला आपल्या भाषेत आसनच मिळाले नसते. शब्द जुना असावा आणि त्यात भरलेला अर्थ प्रयोगाने पारखलेला असावा, हे परिभाषेचे उत्तम लक्षण होय. म्हणून विज्ञानाच्या शिक्षकाने फळ्यावर अणू हा शब्द लिहिताना त्याची वेदातील आणि वैशेषिकातील वाट मुलांना अवश्य सांगावी, पण लगोलग हेही सांगावे की आज या शब्दाचा अर्थ ठरतो तो तराजूने, सूक्ष्मदर्शकाने आणि गणिताने. आणि उद्या एखाद्या नव्या सूक्ष्म वस्तूला मराठी नाव देण्याची वेळ या मुलांपैकी कोणावर आली, तर त्याने आधी त्या वस्तूची मर्यादा नीट ओळखावी आणि मगच शब्द निवडावा.